डेकखालचा इतिहास

(मावशीने आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून ती नौदलातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत फिरते. परवा तिच्याकडे गेले होते, तेव्हाचं हे बोलणं.)

भाची : मावशी, आबांची गोष्ट मला नोंदवून ठेवायची आहे. बाबांचे वडील १९७१ साली ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर होते, बॉयलर रूममध्ये. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण परवा माझ्या मुलीने विचारलं, ‘म्हणजे ते नक्की काय करायचे?’ आणि मला एक वाक्यही सांगता आलं नाही.

मावशी : किती वय आता त्यांचं?

भाची : सत्त्याहत्तर. तब्येत चांगली आहे. ऐकायला जरा कमी येतं, एवढंच.

मावशी : मग पुढच्या रविवारीच मालवणला जा. दिवाळीची सुट्टी, मे महिना असं काही करू नकोस. १९७१ च्या लढाईत जो मुलगा विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे, आणि तेव्हा जे चाळिशीतले चीफ पेटी ऑफिसर होते त्यांच्यातलं आता जवळजवळ कुणीच उरलेलं नाही. हा उशीर आपण एकदा केला आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत आपल्याकडची किती माणसं होती! रत्नागिरी जिल्हा तर जुन्या काळापासून खलाशांच्या भरतीचा. कोकणी मुसलमान, मराठे, भंडारी, दर्यावर्दी घरांतली पोरं. ‘बंगाल’ नावाचं आपलं एक छोटं जहाज होतं. ११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत असताना दोन मोठी जपानी लढाऊ जहाजं समोर आली. ‘बंगाल’ पळालं नाही, त्यांच्यावर चालून गेलं. त्या झटापटीत एक जपानी जहाज स्फोट होऊन बुडालं. तो निर्णायक गोळा ‘बंगाल’चा होता की ‘ओंदिना’चा, यावर अजून वाद आहे. पण त्या तोफेला गोळे पुरवणाऱ्या हिंदी पोरांना काय दिसलं, हे त्यांच्या भाषेत कुणी विचारून ठेवलं का? मी खूप शोधलं. मला काही सापडलं नाही.

भाची : आणि १९४६ चं नौदलातलं बंड? त्यावर तर बरंच लिहिलं गेलंय.

मावशी : लिहिलं गेलं, कारण त्यातले काही जण स्वतः लिहू शकत होते. बी. सी. दत्त ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर टेलिग्राफिस्ट होते, त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं. पण १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’वर निकृष्ट जेवणावरून ठिणगी पडली आणि बघता बघता हजारो खलाशी उठले, त्यांतल्या अनेकांना नंतर नोकरीतून काढून गावी पाठवून दिलं. स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतलं नाही. ती माणसं आपापल्या गावी गेली, शेती केली, गिरणीत लागली, आणि गप्प राहून गेली. तेव्हा जो अठरा वर्षांचा होता तो आज शंभरीला टेकला असता. ती पिढी आपल्या हातून निसटली आहे. आबांची पिढी अजून आहे.

भाची : पण मावशी, खरं सांगू? ‘विक्रांत’बद्दल एवढं छापून आलंय. सिनेमे झाले, मुंबईत ते जहाज संग्रहालय म्हणून उभं होतं, मी शाळेच्या सहलीत बघितलंय. आबा वेगळं काय सांगणार?

मावशी : जे छापलं आहे ते कोणी लिहिलं, ते बघ. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांचं आत्मचरित्र आहे. पश्चिम विभागाचे प्रमुख कोहली यांचं ‘वी डेअर्ड’. पूर्व विभागाचे प्रमुख कृष्णन यांचं ‘नो वे बट सरेंडर’. नौदलाचा त्या दशकाचा अधिकृत इतिहास व्हाइस ॲडमिरल हिरानंदानींनी लिहिला, फार मेहनतीने. ही सगळी पुस्तकं माझ्या टेबलावर असतात, त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. पण सगळी इंग्रजीत आहेत आणि सगळी वरून दिसलेली आहेत. जहाज कुठे वळवायचं हे ठरवणाऱ्यांनी लिहिलेली. जहाज ज्यांच्या हातांनी चालत होतं ते डेकखाली होते, त्यांना समुद्र दिसतही नव्हता. त्यांची लढाई मराठीत, मालवणीत, मल्याळममध्ये, हरियाणवीत त्यांच्या डोक्यात आहे. कागदावर नाही.

भाची : बॉयलर रूममध्ये लढाई काय असणार?

मावशी : हाच प्रश्न आबांना विचार. पण जाण्याआधी तुला थोडं माहीत हवं, नाहीतर त्यांनी सांगितलेलं तुला पकडता येणार नाही. ‘विक्रांत’ला चार बॉयलर होते. त्यांच्या वाफेवर टर्बाइन फिरायची, आणि विमानं डेकवरून फेकणारं कॅटापुल्टही त्याच वाफेवर चालायचं. १९७१ साली त्यांतल्या एका बॉयलरला तडे गेलेले होते. दुरुस्ती लगेच होण्यासारखी नव्हती. जहाज युद्धात उतरवावं की नाही यावर दिल्लीत बरीच चर्चा झाली, आणि शेवटी उतरवायचं ठरलं. उरलेल्या तीन बॉयलरांवर जहाज बंगालच्या उपसागरात गेलं. वेग पुष्कळ कमी. आता हे लक्षात घे की विमान उडवायला समोरून वारा लागतो. वारा पडलेला असला तर जहाजाने स्वतः जोरात धावून तो निर्माण करायचा. वेग नसेल तर ‘अलिझे’सारखं जड विमान उडवणं अवघड होऊन बसतं. आणि तिथला समुद्र त्या दिवसांत शांत, वारा बेताचा.

भाची : म्हणजे वर पायलट विमानात बसलाय आणि खाली आबा...

मावशी : खाली आबा पाण्याच्या गेजवर डोळा लावून उभे आहेत. बॉयलरमधलं पाणी एका पातळीच्या खाली गेलं तर नळ्या जळतात, वर गेलं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जाऊन पात्यांचं नुकसान करतं. तेल जाळणारे स्प्रेयर घाण धरतात, ते चालू बॉयलरवरच एकामागून एक काढून साफ करायचे. धुराकडे लक्ष ठेवायचं, कारण चिमणीतून काळा धूर निघाला तर शत्रूला लांबूनच जहाज दिसतं. ४ डिसेंबरच्या सकाळी ‘सी हॉक’ विमानं कॉक्स बाजारच्या धावपट्टीवर हल्ला करायला उडाली. पुढे चितगाव झालं, मोंगला, खुलना झालं. त्या प्रत्येक उड्डाणामागे खाली कुणीतरी वाफेचा दाब धरून ठेवला होता. पुस्तकात याबद्दल एक ओळ येते, ‘बॉयलरच्या मर्यादेमुळे वेग कमी होता.’ त्या ओळीच्या आत चोवीस तास चार-चार तासांच्या वॉचवर उभी असलेली माणसं आहेत.

भाची : आबा एकदाच म्हणाले होते, ‘काय सांगू गो, भट्टीच ती.’ आणि मग विषय बदलला. पण एक गोष्ट ते नेहमी सांगतात. पाकिस्तानची गाझी पाणबुडी त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली ती.

मावशी : नेहमी सांगतात?

भाची : दर चार डिसेंबरला. नौदल दिन असतो ना. स्फोट झाला, पाणी किती वर उडालं, सगळं. का गं? तुझा चेहरा असा का झाला?

मावशी : कारण ‘गाझी’ बुडाली विशाखापट्टणमच्या तोंडाशी, ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री. आणि ‘विक्रांत’ त्या रात्री तिथे नव्हती. ती कधीच अंदमानकडे नेऊन लपवली होती, ‘पोर्ट एक्स-रे’ असं सांकेतिक नाव दिलेल्या जागी. तिथून ती चढाईला निघाली.

भाची : म्हणजे आबा खोटं सांगतात? इतकी वर्षं?

मावशी : थांब, घाई करू नकोस. इथेच या कामाचा खरा कस आहे. ‘गाझी’ कराचीहून एवढा वळसा घालून आली कशासाठी? ‘विक्रांत’ बुडवायला. आपल्या लोकांना त्याचा अंदाज होता. म्हणून ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेला विशाखापट्टणमला ठेवलं आणि ‘विक्रांत’ तिथेच आहे असा देखावा उभा केला. मोठ्या जहाजाला लागेल एवढा शिधा मागवला. कृष्णन यांनी लिहून ठेवलंय की मुद्दाम सांकेतिक भाषेत न बसवता एक संदेश पाठवला, ‘विक्रांत’वरच्या एका खलाशाच्या आजारी आईची चौकशी करणारा, शत्रूने तो ऐकावा म्हणून. ‘गाझी’ त्या आमिषाला भुलली. मध्यरात्रीनंतर मोठा स्फोट झाला, किनाऱ्यावरच्या खिडक्या हादरल्या, आणि सकाळी मच्छीमारांना समुद्रावर तरंगतं सामान मिळालं. नव्वदच्या वर माणसं त्या पाणबुडीत गेली. आपली बाजू म्हणते ‘राजपूत’ने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे, पाकिस्तानची बाजू म्हणते आतला स्फोट किंवा त्यांनीच पेरलेला सुरुंग. तो वाद सुटलेला नाही.

आता तू आबांच्या जागी उभी राहा. खाली बॉयलर रूममध्ये बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. कुठे चाललोय ते माहीत नाही, बाहेर दिसत नाही. एवढंच माहीत आहे की कुठेतरी पाण्याखाली एक पाणबुडी आपल्याला शोधते आहे, आणि टॉर्पेडो आला तर तो नेमका आपण उभे आहोत त्या भागात घुसेल. इंजिन आणि बॉयलर रूम पाण्याच्या पातळीखालीच असतात. मग एक दिवस बातमी येते की ती बुडाली. त्या क्षणी त्या मुलाला काय वाटलं असेल? पन्नास वर्षं तो क्षण मनात घोळवल्यावर ते दृश्य डोळ्यांसमोर उभं राहिलं तर मला त्यात नवल वाटत नाही.

भाची : पण इतिहास म्हणून ते चुकीचंच ना?

मावशी : घटनेची नोंद म्हणून चुकीचं. पण त्यातून दुसरं काही कळतं, आणि तेही इतिहासच आहे. आलेसांद्रो पोर्तेल्ली नावाचे इटालियन अभ्यासक आहेत. तेर्नी या पोलादाच्या गावात १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून एक तरुण कामगार मेला. पोर्तेल्लींना गावातले म्हातारे कामगार सांगायचे की तो १९५३ मध्ये मेला, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळी. एकाने नाही, अनेकांनी. पोर्तेल्लींनी त्यांना खोटं ठरवलं नाही. त्यांनी विचारलं की सगळ्यांची स्मृती हे मरण त्याच वर्षाकडे का सरकवते? कारण नोकऱ्या गेल्या ती जखम कामगारांच्या लेखी मोठी होती, आणि आपल्या सोबत्याचं मरण तिच्याशी जोडल्याशिवाय त्यांना ते पटत नव्हतं. स्मृतीने केलेल्या फेरफारातून माणसाला काय महत्त्वाचं वाटलं ते कळतं. आबांच्या ‘गाझी’तून तुला त्यांची भीती कळणार आहे. ती त्यांनी दुसऱ्या कुठल्या मार्गाने कधी सांगितली आहे का?

भाची : नाही. घाबरलो होतो असं आबा कधी म्हणालेले नाहीत.

मावशी : मग त्यांना ‘आबा, तुम्ही तिथे नव्हता’ असं म्हणून दार बंद करू नकोस. त्यांचं ऐक, पूर्ण नोंदव. मग विचार, ‘ही बातमी तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितली? तेव्हा वॉचवर होतात की मेसमध्ये? ऐकल्यावर कोण काय बोललं?’ अशा प्रश्नांनी माणूस हळूहळू खऱ्या जागेवर येतो. आला नाही तरी हरकत नाही. तू मजकुराखाली टीप दे की नोंदींप्रमाणे जहाज तेव्हा अंदमानकडे होतं. आबांचं बोलणं मात्र जसं आहे तसं राहू दे.

भाची : ‘खुकरी’च्या लोकांनीही अशाच वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या असतील.

मावशी : सांगितल्या. आणि त्या एकत्र ठेवल्या गेल्या म्हणून आज आपल्याला कळतात. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. वाचले ६७. जहाज काही मिनिटांत गेलं, अंधारात, तेलाने माखलेल्या पाण्यात. वाचलेल्यांपैकी कुणी ब्रिजवर होता, कुणी खाली, कुणी पाण्यात पडल्यावरच डोळे उघडले. प्रत्येकाची रात्र वेगळी. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी २००६ साली वाचलेल्यांच्या हकिकती गोळा करून पुस्तक केलं. पस्तीस वर्षांनी. तोपर्यंत त्या ६७ पैकी किती जण गेले असतील, विचार कर. दीवला टेकडीवर ‘खुकरी’ची प्रतिकृती काचेच्या घरात ठेवली आहे. लोक तिथे उभे राहून फोटो काढतात, काढू देत, पण तिथल्या फलकावर नावं असतात, आवाज नसतात.

भाची : कराचीवरच्या हल्ल्यातले लोक? ते तर अभिमानाने सांगत असतील.

मावशी : अधिकाऱ्यांनी बरंच सांगितलंय. ‘निपात’, ‘निर्घात’, ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौका ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेल्या. मूळ या नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या, लांबचा पल्ला नाही. म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना ओढून पुढे नेलं. नौकांवरची माणसं रशियात व्लादिवोस्तोकला शिकून आली होती, तर रेडिओवर आपापसात रशियनमध्ये बोलायचं ठरलं, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. आपल्या कोकणातला एखादा मुलगा, ज्याचं इंग्रजीही बेताचं, रशियन शिकून येतो आणि ते शिकलेलं कराचीसमोर वापरतो. त्याने ती भाषा शिकली कशी? तिथल्या थंडीत पहिली रात्र कशी काढली? जेवणाचं काय केलं? ते वाचायला मी काहीही देईन. क्षेपणास्त्र लागल्याची वेळ सगळ्यांना पाठ आहे.

भाची : आबा बोलायला टाळतात, त्याचं कारण मला वाटायचं गोपनीयता. शपथ घेतलेली असते ना?

मावशी : असते, आणि ती माणसं ती फार निष्ठेने पाळतात. कॅप्टन मोहन नारायण सामंत यांचं बघ. मराठी माणूस, पाणबुडीवाला, ‘करंज’ पाणबुडीचे पहिले कॅप्टन, महावीर चक्र मिळालेला. १९७१ मध्ये त्यांनी बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीचे नौकमांडो तयार केले. पलाशीजवळ भागीरथीच्या काठी छावणी होती. बंगाली मुलांना, त्यांत कॉलेजची पोरं होती, रात्री पोहत जाऊन जहाजाच्या बुडाला सुरुंग लावायला शिकवलं. ऑगस्टच्या मध्यावर एकाच रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा चार ठिकाणी जहाजं उडाली. हल्ल्याची खूण होती आकाशवाणी कलकत्त्यावर वाजणारं ठरलेलं गाणं. ही सगळी मोहीम सरकारी कागदपत्रांत कित्येक वर्षं नावापुरतीही नव्हती. सामंतांनी एका पत्रकाराबरोबर मिळून ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक लिहिलं. २०१९ मध्ये ते आलं, आणि त्याच वर्षी सामंत गेले. थोडक्यात साधलं. आणखी एका वर्षाचा उशीर झाला असता तर त्यांच्या बाजूचा बराचसा भाग त्यांच्याबरोबर गेला असता.

गोपनीयतेचं म्हणशील तर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण केलं की युद्धाच्या नोंदी साधारण पंचवीस वर्षांनी खुल्या कराव्यात. आबांच्या बॉयलरमध्ये आता गुपित काही नाही. पण हे तू त्यांना पटवून देत बसू नकोस. ‘जे सांगायला योग्य वाटतं तेवढंच सांगा,’ असं म्हण. आणि एखादा भाग नोंदवला पण आपल्या हयातीत कुणाला ऐकवू नका असं त्यांनी म्हटलं, तर तसं कागदावर लिहून सही घे आणि पाळ.

भाची : मला वाटतं टाळण्याचं कारण वेगळंच आहे. एकदा त्यांनी कुणाचं तरी नाव घेतलं होतं, आणि मग आजी आत निघून गेली.

मावशी : मग त्या नावाच्या मागे लागू नकोस. आपण पोलीस नाही. आणि आजींनाही वेगळं बसव, एकटीला. नवरा समुद्रावर, मुंबईत काळोख करायचा हुकूम, खिडक्यांना काळे कागद, पत्र येत नाही आणि आलं तर त्यात कुठे आहोत ते लिहिलेलं नाही. त्यांची लढाई तर कुठल्याच पुस्तकात नाही.

भाची : प्रश्न काय विचारू? मी यादी करायला घेतली होती, पहिलाच प्रश्न लिहिला, ‘युद्धाच्या वेळी तुम्हाला काय वाटलं?’

मावशी : खोड तो. त्याला प्रत्येक जण ‘देशासाठी काहीही’ असं उत्तर देतो, आणि खरंच तसं वाटलेलं असतं, पण पुढे काही येत नाही. युद्धाने सुरुवातच करू नकोस. गावातून भरतीला कसे गेलात, बरोबर कोण होतं, आईने काय बांधून दिलं, पहिल्यांदा जहाजात झोपलात तेव्हा हॅमॉक होता की बंक? असं विचारत विचारत पुढे जा. तासभर यातच जाऊ दे. मग बॉयलर रूममध्ये शीर. वॉचवरून सुटल्यावर आधी काय करायचात? पाणी किती मिळायचं आंघोळीला? खाली घाम येऊन मीठ जायचं त्यासाठी काय द्यायचे? त्या आवाजात एकमेकांना कसं सांगायचात, हाताच्या खुणा होत्या का? मी एकदा एका काकांना हे विचारलं. ते खुर्चीतून उठले, माझ्यासमोर उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करून दाखवायला लागले. स्प्रेयर बंद कर, पाणी वाढव, चीफला बोलाव. त्यांचे हात बोलत होते. तोवर सगळं रेकॉर्डिंग फक्त आवाजाचं होतं, मग मी कॅमेरा लावायला सुरुवात केली.

भाची : मोबाइलवर चालेल ना?

मावशी : चालेल, पण एअरप्लेन मोडवर ठेव, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येईल. पंखा बंद कर. शर्टाला लावायचा छोटा माइक घे, फार महाग नसतो. आबांना कमी ऐकू येतं ना, मग त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बस, आणि ओरडू नकोस, सावकाश बोल. आधी तारीख, गाव आणि त्यांचं नाव बोलून घे. सलग दीड तासापेक्षा जास्त बसवू नकोस, थकतात. ते गप्प झाले तर तू गप्प राहा. बहुतेकदा त्या शांततेनंतरच खरं बोलणं येतं, आणि नवी मुलं नेमकी तिथे पुढचा प्रश्न टाकतात. आणि मालवणीत बोलू दे. तुझी मुलगी ऐकेल म्हणून त्यांना प्रमाण मराठीत ओढू नकोस. उतरवतानाही जसं बोलले तसंच उतरव.

भाची : कागदपत्रं बघू का आधी? ट्रंक आहे त्यांची, हिरव्या रंगाची.

मावशी : ती ट्रंक म्हणजे अर्धं काम. त्यात सर्व्हिसचे कागद असतील, कोणत्या जहाजावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होते ते. त्यांचे फोटो काढ, सपाट उजेडात. पदकं असतील. १९७१ साठी पूर्वेकडे लढलेल्यांना ‘पूर्वी स्टार’ होता, पश्चिमेकडच्यांना ‘पश्चिमी स्टार’, आणि ‘संग्राम पदक’. पदक हातात घेऊन उलट कर, कडेवर बघ. नंबर आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. त्यांच्या नंबरावरून पुढे कुणी शोध घेतला तर नोंद सापडते. आणि हे पदक तू त्यांच्या हातात दे. पदकाकडे बघत माणूस जे बोलतो ते प्रश्नाला उत्तर म्हणून नसतं. फोटो असतील तर मागे कुणाकुणाची नावं आहेत ते आत्ताच लिहून घे. आबा गेल्यावर त्या फोटोतले पंधरा चेहरे अनोळखी होतात, त्यांना ओळखणारा दुसरा कुणीच नसतो.

भाची : आणि झालं की कुठे ठेवू? फॅमिली ग्रुपवर टाकते.

मावशी : टाक, पण तीच मूळ प्रत समजू नकोस. व्हॉट्सॲपवर आवाज दाबला जातो. मूळ फाइल जशीच्या तशी ठेव, तीन प्रती कर. एक तुझ्याकडे, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी. कोकणातल्या घरात पावसाळ्यात काय होतं ते तुला माहीत आहे. आणि एक प्रत संस्थेकडे. मुंबईची मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे, ती व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींनी सुरू केली. ते १९७१ मध्ये ‘कामोर्टा’ जहाजावर कॅप्टन होते, वीरचक्र मिळालं, आणि निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिले. शेवटपर्यंत समुद्राचा इतिहास आपल्या लोकांनी नीट सांभाळावा म्हणून धडपडले. अशा ठिकाणी विचारून बघ. शिवाय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे निवृत्त लोकांचे संपर्क असतात. आणि गावच्या वाचनालयात उतरवलेला मजकूर छापील स्वरूपात ठेव. ती प्रत सगळ्यात जास्त वाचली जाईल, मी बघितलं आहे.

भाची : मावशी, तू किती जणांकडे जाऊन आलीस असं मी नाही विचारत. पण सगळ्यांकडे जायला माणसं कुठे आहेत?

मावशी : नाहीत, म्हणून तर तुला सांगते आहे. अमेरिकेत २००० साली तिथल्या संसदेने कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये निवृत्त सैनिकांच्या आठवणींचा संग्रह सुरू केला. शाळेतली मुलं, नातवंडं, शेजारी, कुणीही मुलाखत घेऊन पाठवतं. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने तर १९७० च्या दशकापासून आवाज जमवले, त्यांत साध्या खलाशांचेही आहेत. आपल्याकडे तेवढी मोठी व्यवस्था होईपर्यंत थांबलो तर ऐकायला कुणी नसेल. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला विचारायचं, एवढंच आता हातात आहे. आबांना शेवटी एक विचार, त्यांच्या मेसमधले कोण कोण अजून आहेत.

भाची : एक आहेत. विजयदुर्गला. आबा दर गणपतीत त्यांना फोन करतात, दोघे फोनवर नुसते मोठमोठ्याने हसत असतात. त्यांचं वय आबांपेक्षा जास्त आहे, पंचाऐंशी तरी असेल.

मावशी : मग रविवारी मालवणला मुलाखतीला बसायचं नाही, ते नंतर. आधी विजयदुर्ग. मी येते बरोबर, आबांनाही गाडीत घेऊ. दोघं समोरासमोर बसले तर आपल्याला फारसं विचारावंच लागणार नाही. माइक मात्र दोन आण.